तांब्या, वांगी आणि जवसाचे तेल : तैलरंगात वस्तुचित्र कसे उभे राहते

मार्च २०२५ मध्ये न्यूयॉर्कच्या लिलावात मकबूल फिदा हुसेन यांचे 'ग्राम यात्रा' हे १९५४ सालचे तैलचित्र सुमारे ११८ कोटी रुपयांना विकले गेले, आणि हुसेन मूळचे पंढरपूरचे असल्यामुळे ती बातमी आपल्याकडे विशेष आपुलकीने वाचली गेली. सांगलीत माझ्याकडे रविवारी चित्रकला शिकायला येणाऱ्या प्रौढ मंडळींनी मात्र किंमत बाजूला ठेवून एक वेगळाच प्रश्न विचारला, आणि तो मला फार रास्त वाटला. तैलचित्रात तेल असते ते कोणते, ते सुकते कसे, आणि शाळेत जलरंगात काढलेले वस्तुचित्र आता तेलात काढायचे म्हटले तर सुरुवात कुठून करायची?

या प्रश्नाचे उत्तर देताना मी एकच गोष्ट पुन्हा पुन्हा सांगत आलो आहे. नवशिक्याचे तैलचित्र फसते ते बहुतेक वेळा रंगाची नळी उघडण्यापूर्वीच फसलेले असते, कारण वस्तू कुठे ठेवायची, उजेड कुठून घ्यायचा, काय गडद आणि काय फिके, रंग कोणता आणि त्यात तेल किती, हे पाच निर्णय एकामागून एक घ्यायचे असताना तो ते कुंचला हातात धरून एकदमच घ्यायला जातो.

वस्तुचित्रच का?

एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट या शासकीय रेखाकला परीक्षा ज्यांनी दिल्या आहेत, त्यांना टेबलावर मांडलेला घडा, त्याशेजारचे फळ आणि मागचा चुण्यांचा कपडा आठवत असेल. जिवंत नसलेल्या किंवा हालचाल न करणाऱ्या वस्तूंची मुद्दाम केलेली मांडणी समोर ठेवून काढलेले चित्र म्हणजे वस्तुचित्र. त्यालाच स्थिरचित्र किंवा स्टिल लाइफ असेही म्हणतात. सतराव्या शतकात हॉलंडमध्ये या प्रकाराला मोठी प्रतिष्ठा मिळाली, आणि पुढे अठराव्या शतकात फ्रान्समध्ये शार्दँ या चित्रकाराने स्वयंपाकघरातल्या साध्या तांब्याच्या भांड्यांना तीच प्रतिष्ठा दिली. शिकणाऱ्याच्या दृष्टीने याचा फायदा अगदी व्यावहारिक आहे. माणूस बसून कंटाळतो, निसर्गचित्रातले ढग सरकतात, पण तांब्या मात्र जिथे ठेवला तिथे पंधरा दिवस बसून राहतो. शिवाय मांडणी तुमच्या हातात असल्यामुळे अडचणही तुम्हाला पेलेल एवढीच ठेवता येते.

रंगातले तेल कोणते, आणि ते सुकते म्हणजे काय?

रंगाची पूड आणि ती धरून ठेवणारा चिकट पदार्थ, एवढ्या दोनच गोष्टींनी कोणताही रंग बनतो. जलरंगात तो चिकट पदार्थ म्हणजे डिंक असतो आणि तैलरंगात जवसाचे तेल. ज्या जवसाची आपण चटणी करतो, त्याच बियांचे हे तेल.

इथे पहिला गैरसमज दूर करायला हवा. पाणी वाळते म्हणजे उडून जाते, म्हणून तेलही उडून जात असावे असे आपण धरून चालतो. पण जवसाचे तेल उडून जात नाही. ते हवेतला प्राणवायू शोषून घेते, त्याचे रेणू एकमेकांशी जोडले जातात आणि पातळ तेलाचे हळूहळू घट्ट, लवचीक कातडे बनते. म्हणूनच सुकताना त्याचे वजन सुरुवातीला घटण्याऐवजी थोडे वाढते. शेंगदाण्याच्या तेलात हा गुण नाही, ते महिनाभर उघडे राहिले तरी तेलकटच राहते. करडईच्या तेलात तो काही प्रमाणात आहे, आणि ज्या घरात करडई वापरली जाते तिथे गॅसमागच्या फरशीवर बसणारा चिवट पिवळसर थर हा त्याचाच पुरावा आहे. करडईचे तेल जवसापेक्षा कमी पिवळे पडते, म्हणून काही कंपन्या पांढरा रंग त्यात घोटतात. स्वयंपाकाचे शुद्ध केलेले तेल मात्र रंगात घालू नये. चित्रकलेच्या दुकानात मिळणारे जवसाचे तेलच वापरावे.

ही क्रिया वरून आत जाते. तापवलेल्या दुधावर साय धरते तेव्हा खालचे दूध पातळच असते. जाड लावलेल्या तैलरंगाचेही तसेच होते, वर कातडे धरते, सुरकुतते आणि आत रंग ओला राहतो. पातळ थर काही दिवसांत हाताला सुका लागतो, पण जाड थर आतपर्यंत सुकायला महिने लागतात. हे एकदा समजले की तैलचित्राचे बहुतेक नियम पाठ करावे लागत नाहीत.

मांडणी : टेबलावरच अर्धे चित्र होते

मी पहिल्या मांडणीसाठी चार वस्तू सुचवतो : पितळेचा तांब्या, दोन कृष्णाकाठची वांगी, तीन हळकुंडे आणि एक पांढरा सुती पंचा. त्या स्वस्त आहेत, सांगलीत कुणाच्याही घरी मिळतात, पण मी त्या निवडतो त्याचे कारण वेगळे आहे. पितळ आरशासारखे चकाकते, वांग्याची साल ओल्यासारखी चमकते, हळकुंड अजिबात चमकत नाही आणि पंचा उजेड सगळीकडे पसरवतो. उजेड पडल्यावर चार प्रकारच्या पृष्ठभागांचे काय होते, हे एकाच चित्रात शिकायला मिळते. शिवाय पिवळा आणि जांभळा हे परस्परविरोधी रंग आहेत, शेजारी आले की एकमेकांना उठाव देतात.

वस्तू एका ओळीत, पंगतीला बसवल्यासारख्या ठेवू नयेत. एक वस्तू दुसरीला थोडी झाकेल अशी ठेवली की पुढे-मागे हे नाते आपोआप दिसते. मात्र दोन वस्तूंच्या कडा फक्त एकमेकींना टेकतील असे होऊ देऊ नये, कारण वांग्याचे टोक तांब्याच्या कडेला नेमके टेकले तर डोळा तिथेच अडकतो आणि कोणते पुढे आहे ते कळत नाही. एकतर स्पष्ट झाका, नाहीतर स्पष्ट अंतर ठेवा. वस्तूंमधल्या मोकळ्या जागेकडेही वस्तूइतकेच लक्ष द्यावे.

मग पुठ्ठ्याला कॅनव्हासच्याच प्रमाणात चौकोनी खिडकी कापून तिच्यातून एक डोळा मिटून पाहावे आणि काडेपेटीएवढी पाच-सहा रेखाटने करावीत. हे काम लोकांना वेळखाऊ वाटते, आणि नेमके हेच काम टाळल्याने तांब्या कॅनव्हासच्या मधोमध येतो, वर हातभर रिकामी भिंत उरते आणि हळकुंडांना खाली जागाच राहत नाही. तैलरंगात तांब्या नंतर दोन बोटे डावीकडे सरकवता येत नाही असे नाही, पण रंगाच्या जुन्या थराचा उंचवटा तिथे कायमचा राहतो.

एक सूचना अनुभवाची आहे. वांगे दोन दिवसांत सुरकुतते आणि त्याचे हिरवे देठ तपकिरी होते, म्हणून ते पहिल्याच बैठकीत पूर्णत्वाकडे न्यावे. हळकुंड वर्षभर तसेच राहते, त्याला घाई नाही.

उत्तरेची खिडकी आणि आपल्याकडचा सूर्य

चित्रकलेच्या जवळजवळ प्रत्येक युरोपीय धड्यात उत्तरेकडची खिडकी निवडा असे सांगितलेले असते. युरोपात सूर्य दुपारी कायम दक्षिणेकडे असतो, त्यामुळे उत्तरेच्या खिडकीतून ऊन जवळजवळ येत नाही, मुख्यतः आकाशाचा शांत उजेड येतो, आणि सावल्या दिवसभर फारशा बदलत नाहीत. सांगली मात्र सुमारे १७ अंश उत्तर अक्षांशावर, म्हणजे कर्कवृत्ताच्या दक्षिणेला आहे, आणि साताराही तसाच. दरवर्षी मे महिन्यात वर्तमानपत्रांत शून्य सावली दिवसाची बातमी येते. त्या दिवशी सूर्य दुपारी बरोबर डोक्यावर येतो, आणि त्यानंतर ऑगस्टच्या सुरुवातीपर्यंत तो दुपारी आपल्या उत्तरेला असतो. या काळात, विशेषतः सकाळी आणि संध्याकाळी, उत्तरेच्या खिडकीतूनही तिरके ऊन आत येते. त्यामुळे हा नियम आपल्याकडे पावसाळा संपल्यापासून उन्हाळा सुरू होईपर्यंत निर्धास्तपणे पाळावा; एरवी खिडकीला पातळ पांढरे कापड लावावे, किंवा खिडक्या बंद करून एकच दिवा वापरावा.

दिवा एकच, हे महत्त्वाचे. खिडकी आणि ट्यूबलाइट दोन्ही सुरू असतील तर तांब्याला दोन सावल्या पडतात, एक निळसर आणि एक पिवळसर, आणि नवशिक्याला आपण काय पाहतो आहोत तेच उमगत नाही. दिवा वस्तूंच्या डावीकडे, थोडा वर आणि थोडा पुढे ठेवावा. अगदी समोरून उजेड आला तर गोलाई नाहीशी होते.

तांब्याचे तोंड आणि बूड

रेखाटनात सर्वांत जास्त चूक तांब्यात होते. आपल्याला माहीत असते की तांब्या जमिनीवर सपाट बसतो, म्हणून आपण त्याचे बूड सरळ रेषेने काढतो, आणि माहीत असते की तोंड गोल आहे, म्हणून ते जास्तच उघडे काढतो. दिसते ते वेगळे असते. गोल तोंड तिरके पाहिले की लंबवर्तुळ दिसते, आणि ते डोळ्यांच्या पातळीच्या जितके जवळ तितके चपटे होते. आपण तांब्याकडे वरून पाहत असतो, म्हणजे तोंड डोळ्यांच्या पातळीजवळ आणि बूड दूर; त्यामुळे बुडाची वक्रता तोंडापेक्षा जास्त असायला हवी. आणखी एक गोष्ट : लंबवर्तुळाची दोन टोके टोकदार नसतात, ती वळतात. पाण्याने भरलेला पेला डोळ्यासमोर धरून हळूहळू खाली न्या, पाण्याची कड रेषेपासून लंबवर्तुळ होत जाताना दिसेल. हा प्रयोग दोन मिनिटांचा आहे आणि मी तो प्रत्येकाकडून करून घेतो.

आधी उजेड-अंधार, मग रंग

टोन हा एकच पारिभाषिक शब्द इथे समजून घ्यावा लागेल. रंग कोणताही असो, तो काळ्या-पांढऱ्याच्या पट्टीवर किती गडद किंवा किती फिका आहे, याला टोन म्हणतात. चित्रातली वस्तू गोल, जड आणि टेबलावर बसलेली वाटते ती टोनमुळे. रंग थोडा चुकला तरी चालतो, टोन चुकला तर मात्र तांब्या कागदातून कापून चिकटवल्यासारखा दिसतो.

टोन ओळखण्याची सर्वांत जुनी युक्ती म्हणजे डोळे किलकिले करणे. तसे केले की बारकावे विरघळतात आणि गडद-फिक्याचे मोठे ढोबळ आकार उरतात. आता पंच्याकडे पाहा. पंचा पांढरा आहे हे आपले ज्ञान. पण त्याच्या चुणीतली सावली उजेडात पडलेल्या हळकुंडापेक्षा गडद निघते. आणि वांगे, जे आपण काळसर जांभळे समजतो, त्याच्या फुगीर भागावर खिडकीचे जे प्रतिबिंब पडते, ते सावलीतल्या पांढऱ्या पंच्यापेक्षा कितीतरी उजळ असते. ज्याला हे एकदा दिसले, त्याची पाहण्याची पद्धतच बदलते. वर्गात एखाद्याच्या चेहऱ्यावर तो क्षण उमटलेला दिसला की मला मनापासून आनंद होतो.

म्हणून प्रत्यक्ष रंगवण्याआधी पेन्सिलीने किंवा कोळशाने फक्त तीन टोनमध्ये एक लहान रेखाटन करावे : उजेड, मधला, सावली. मधल्या छटा नंतर. मोबाइलचा इथे चांगला उपयोग आहे : मांडणीचा आणि आपल्या चित्राचा काळा-पांढरा फोटो शेजारी ठेवून पाहिला की फरक लगेच कळतो.

सात नळ्या पुरतात

टायटेनियम व्हाइट, यलो ऑकर (मातकट पिवळा), कॅडमियम यलो, कॅडमियम रेड, क्रिमसन (गडद लाल), अल्ट्रामरीन ब्लू आणि बर्न्ट अंबर (गडद तपकिरी), एवढ्यात वरची मांडणी पूर्ण होते. काळा मी सुरुवातीला घेऊ देत नाही, कारण तो हाताशी असला की सगळ्या सावल्या काळ्या होतात. अल्ट्रामरीनमध्ये बर्न्ट अंबर मिसळले की त्याहून जिवंत गडद रंग मिळतो, निळे जास्त घातले तर थंड आणि अंबर जास्त घातले तर उबदार.

पितळेसाठी सोनेरी रंगाची नळी मागणारे पुष्कळ असतात. तिचा उपयोग नाही. तांब्याच्या पोटाकडे नीट पाहा : बहुतेक भाग मातकट हिरवट-तपकिरी आहे, एका बाजूला वांग्याची जांभळी पट्टी वाकडी होऊन उतरली आहे, खाली पंच्याचा राखाडी पांढरा आहे, आणि पिवळा म्हणावा असा रंग उजेडाच्या कडेला फक्त बोटभर आहे. या गडद-फिक्या पट्ट्या आपापल्या जागी, तुटक कडांनी ठेवल्या आणि शेवटी जवळजवळ पांढरा एक ठिपका दिला की पितळ चकाकते. हळकुंडाचेही तसेच, मोडलेल्या जागी ते झगझगीत पिवळे असते, पण वरून यलो ऑकर आणि बर्न्ट अंबरच्या मधले.

इथे सांगलीकर एक प्रश्न हमखास विचारतात : आपल्या मार्केट यार्डात पोत्यांनी हळद असताना पिवळा रंग विकत कशाला घ्यायचा? कारण हळदीचा पिवळा उजेडात टिकत नाही. हळदीचा डाग पडलेले कापड उन्हात वाळत घातले की डाग उडतो, हे प्रत्येक घराला माहीत आहे. चित्रातही तेच होईल. गेरू आणि पिवडी या मातीच्या रंगांचे तसे नाही, ते लोखंडाच्या संयुगांचे असल्यामुळे शतकानुशतके टिकतात. नळीवर रंगाच्या टिकाऊपणाची खूण छापलेली असते, ती पाहून घ्यावे. क्रिमसनच्या बाबतीत तर नक्कीच, कारण त्या रंगाचे काही जुने प्रकार उजेडात फिके पडतात.

पहिला हात, दुसरा हात

घर रंगवणारे कारागीर 'पहिला हात', 'दुसरा हात' म्हणतात, तोच हिशेब इथे लावावा. कॅनव्हास तयार, म्हणजे जेसो या पांढऱ्या अस्तराचा असावा. कोऱ्या कापडावर थेट तैलरंग लावला तर तेल धाग्यांत मुरते आणि काही वर्षांत कापड कुजवते.

पहिला हात बर्न्ट अंबर टर्पेंटाइन या रंग पातळ करणाऱ्या द्रवात मिसळून द्यावा. फक्त टोनचे मोठे आकार, सावल्या एकत्र जोडलेल्या. दुसऱ्या हाताला रंग नळीतून येतो तसाच घ्यावा, आणि सावलीकडून उजेडाकडे जावे. तिसऱ्या हाताला, गरज वाटली तरच, रंगात जवसाच्या तेलाचे दोन-चार थेंब घालावेत.

प्रत्येक वरच्या थरात खालच्यापेक्षा थोडे जास्त तेल, हा तैलरंगाचा पायाभूत नियम आहे आणि त्याचे कारण वर सांगितलेल्या सायीत आहे. जास्त तेलाचा थर सावकाश सुकतो आणि सुकताना बराच काळ आत हलत राहतो. तो खाली असेल आणि वरचा कमी तेलाचा थर आधी कडक झाला असेल, तर वरच्याला भेगा पडतात, उन्हाळ्यात तळ्याचा तळ भेगाळतो तशा. माझ्या सुरुवातीच्या एका चित्रात चकाकी यावी म्हणून मी पहिल्याच हाताला भरपूर तेल घातले होते; दोन वर्षांनी तांब्याच्या पोटावर जाळी उमटली, आणि ती दुरुस्त होण्यासारखी नव्हती.

रंग लावताना कडांकडे लक्ष असू द्यावे. उजेडात दोन वस्तू भेटतात तिथली कड स्पष्ट, सावलीत भेटतात तिथली विरलेली. सगळ्या कडा सारख्याच टोकदार ठेवल्या की चित्र कोरडे दिसते. सातारा जिल्ह्यात औंधला बाळासाहेब पंतप्रतिनिधींनी उभारलेल्या श्री भवानी संग्रहालयात राजा रविवर्मा यांची मूळ तैलचित्रे आहेत. छापील प्रतींवर समाधान न मानता एकदा तिथे जावे, चित्रापासून आधी दूर आणि मग जवळ उभे राहावे, आणि कुठे कड ठेवली आहे व कुठे सोडून दिली आहे एवढेच शोधावे.

ॲक्रिलिक झटपट सुकते, मग तेल कशाला?

ॲक्रिलिक, म्हणजे पाण्यात मिसळून वापरायचा रंग, अर्ध्या तासात सुकते, ही त्याची सोय आहे आणि अडचणही. वांग्याच्या गडद बाजूकडून उजळ बाजूकडे जाताना रंग ओल्यातच एकमेकांत मिसळावा लागतो, आणि तेल तुम्हाला त्यासाठी सबंध दुपार देते. चुकले तर चाकूने खरवडून पुन्हा लावता येते. शिकणाऱ्याला विचार करायला वेळ देणारे दुसरे इतके उदार माध्यम माझ्या पाहण्यात नाही.

फोटोवरून काढले तर?

काढता येते, पण शिकताना नको. कॅमेरा एकाच डोळ्याने पाहतो, उजळ भाग जपताना सावल्या काळ्या करून टाकतो, आणि वस्तू कुठे ठेवायची हा पहिला निर्णय तुमच्याऐवजी आधीच घेऊन टाकतो.

वास आणि आगीचे भय

वास जवसाच्या तेलाचा फारसा नसतो, टर्पेंटाइनचा असतो. खोली हवेशीर ठेवावी, जवळ ज्योत नको, आणि बाटलीचे झाकण लावलेले असावे. कॅडमियमचे रंग विषारी आहेत, तेव्हा रंगवताना खाऊ नये आणि कुंचला तोंडात धरण्याची सवय सोडावी.

याहून मोठा धोका फारसा कुणाला माहीत नसतो. जवसाच्या तेलाने भिजलेल्या चिंध्यांचा बोळा करून कोपऱ्यात टाकला, तर तेल प्राणवायू घेताना जी उष्णता निर्माण होते ती आत कोंडते आणि चिंध्या आपोआप पेट घेऊ शकतात. ओले गवत गंजीत रचले की ती आतून तापते, हे शेतकऱ्याला सांगावे लागत नाही. हा त्यातलाच प्रकार. चिंध्या पसरून मोकळ्यावर वाळवाव्यात, किंवा पाण्याने भरलेल्या झाकणाच्या डब्यात टाकाव्यात.

चित्र झाल्यावर

वॉर्निश लगेच लावू नये. रंग आतपर्यंत सुकायला सहा महिने ते वर्ष लागते, तोवर थांबावे. या काळात चित्र धूळ न बसेल अशा, पण उजेडाच्या भिंतीवर असावे. थेट ऊन नको आणि देव्हाऱ्याच्या समईचा धूरही नको. बरेच जण ते सुरक्षित राहावे म्हणून कपाटात ठेवतात किंवा कापडात गुंडाळून पोटमाळ्यावर टाकतात, आणि अंधारात जवसाचे तेल पिवळे पडते. पावसाळ्यानंतर चित्र बाहेर काढले आणि पंचा हळद लागल्यासारखा दिसला, तर त्यावर पुन्हा पांढरा रंग चढवायला जाऊ नये. काही आठवडे चित्र उजेडाच्या खोलीत भिंतीला लावून ठेवावे, तो पिवळेपणा बराचसा निवळतो.